हायस्कुलातील नृत्य-नाट्य : हौस की विद्या?

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची धामधूम सुरू होते. पंधरा दिवस गणिताचे तास बुडतात. कोणाच्या आईची जरीची साडी येते, कोणाच्या काकांचा फेटा येतो, सिनेमातल्या एखाद्या गाण्यावर आठ मुली ओळीने उभ्या केल्या जातात आणि ऐतिहासिक नाटुकल्यात महाराजांची दाढी नेमकी भर दरबारात निखळते. पालक कौतुकाने टाळ्या वाजवतात, छायाचित्रे निघतात आणि सोमवारपासून शाळा पुन्हा पूर्ववत सुरू होते. नृत्य आणि नाट्य यांचा आपल्या हायस्कुलांशी येणारा संबंध बहुतेक ठिकाणी एवढाच असतो.

या धामधुमीला नावे ठेवण्याचे कारण नाही. शाळेच्या आठवणींत संमेलनाचीच आठवण सर्वांत टिकाऊ असते. परंतु पंधरा दिवसांच्या तालमीला शिक्षण म्हणता येत नाही. इंग्रजीचे पुस्तक वर्षातून पंधरा दिवस उघडले तर मुलाला इंग्रजी येईल, असे कोणताही शहाणा पालक मानणार नाही. नृत्याच्या आणि नाट्याच्या बाबतीत मात्र आपण सारे तसेच मानून चालतो.

कागदावर पाहिले तर हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चित्र, संगीत, नृत्य आणि नाट्य हे दहावीपर्यंतच्या शिक्षणाचे अंग मानावे, अशी शिफारस केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाकडे अकरावी-बारावीसाठी कथक, भरतनाट्यम, ओडिसी, मणिपुरी हे रीतसर परीक्षेचे विषय आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर ‘अभ्यासाचे विषय’ आणि ‘अभ्यासेतर उपक्रम’ यांमधली भिंतच पाडावी, असे स्पष्ट म्हटले. दार उघडले आहे, यात शंका नाही. पण वर्गात शिकवणारा माणूस आहे काय? आणि तो असलाच, तर नववीतल्या मुलाला त्याच्यापुढे बसू देणारे घर आहे काय? खरी अडचण या दोन ठिकाणी आहे.

मंडीदीपच्या मुलाने जावे कोठे?

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा शहरांत ही अडचण झाकली जाते. कोणत्या ना कोणत्या गल्लीत एखादे विद्यालय असते, एखादे घराणे असते, एखादी हौशी नाट्यसंस्था असते. अडचण उघडी पाहावयाची तर नव्या वस्तीत गेले पाहिजे. म्हणून आपल्याच मध्य प्रदेशातल्या मंडीदीपकडे जाऊ. आपल्या घरांतली मुले नोकरीच्या निमित्ताने जिकडे जातात, त्यांपैकीच हे एक गाव.

भोपाळहून होशंगाबादच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की पंचवीसेक किलोमीटरवर मंडीदीप लागते. जिल्हा रायसेन. गेल्या चार-पाच दशकांत येथे औषधांचे, ट्रॅक्टरचे, विजेच्या यंत्रसामग्रीचे आणि ग्राफाइटच्या कांड्यांचे कारखाने उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत वस्ती ६० हजारांच्या आसपास होती. कोणी विदर्भातून आलेले, कोणी बुंदेलखंडातून, कोणी बिहारमधून. कारखान्याच्या पाळीप्रमाणे घरातले जेवण, झोप आणि मुलांचा अभ्यास चालतो.

या गावाच्या शेजाराकडे मात्र जरा नीट पाहिले पाहिजे. जवळच भोजपूर आहे. तेथले अकराव्या शतकातले अपुरे राहिलेले प्रचंड शिवालय ज्या राजा भोजाच्या नावाने ओळखले जाते, त्यानेच ‘शृंगारप्रकाश’ या ग्रंथात काव्य-नाट्याची विस्ताराने चर्चा केली. आणखी विसेक किलोमीटर दक्षिणेस भीमबेटका आहे. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला आयुष्य घालवलेल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी, म्हणजे आपल्या माळव्यातल्याच मराठी माणसाने, १९५७ साली तेथली शैलचित्रे विद्वानांपुढे आणली. २००३ मध्ये त्या स्थळाला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या शिळांवर शिकारी आहेत, हत्ती-हरिणे आहेत आणि हातात हात गुंफून नाचणाऱ्या माणसांच्या रांगाही आहेत. ढोल वाजवणाराही आहे. ती चित्रे पाहताना वाटते, की येथे नाच हा चार निवडक मुलींचा कार्यक्रम नव्हता, साऱ्या वस्तीचे ते काम होते.

आणि भोपाळ? १३ फेब्रुवारी १९८२ रोजी तेथे भारत भवन उघडले. त्याच्या रंगमंडळाची धुरा ब. व. कारंतांनी वाहिली. हबीब तन्वीर यांनी आपले ‘नया थिएटर’ शेवटी भोपाळलाच आणले आणि २००९ साली तेथेच देह ठेवला. २०११ मध्ये राज्याचे नाट्य विद्यालय भोपाळला सुरू झाले. म्हणजे मंडीदीपच्या एका बाजूला हजारो वर्षांपूर्वीचे नर्तक आणि दुसऱ्या बाजूला देशातल्या नामवंत रंगभूमींपैकी एक!

पण तेरा वर्षांच्या मुलाला यातले काय मिळते? नाट्य विद्यालय शाळा संपवून आलेल्या तरुणांसाठी आहे. भारत भवनातला प्रयोग रात्री संपतो, आणि त्या वेळी बाप पाळीवर असला तर मुलाला घरी कोण नेणार? खासगी वर्गाची फी, जाण्यायेण्याचे भाडे आणि आईचा अर्धा दिवस हे सारे जमणारी घरे थोडी. तेव्हा तेरा ते सतरा या वयात मंडीदीपच्या मुलाला नृत्य-नाट्य मिळावयाचे असेल तर ते शाळेच्या वेळापत्रकातच मिळाले पाहिजे. तेथे नसेल तर त्याच्यापुरते ते कोठेच नाही.

दरबारातून शाळेपर्यंत

गाण्याच्या बाबतीत हाच पेच आपल्या वाडवडिलांपुढे होता. तो त्यांनी कसा सोडवला हे आठवण्यासारखे आहे. संस्थानी चाकरीतल्या गवयाच्या घरात जन्म झाल्यामुळे हा इतिहास मी पुस्तकात वाचण्याआधी घरातच ऐकला.

१८८६ साली सयाजीराव गायकवाडांनी मौलाबक्षांच्या हाताखाली बडोद्याला गायनशाळा काढली. दरबारातली विद्या स्वरलिपीत आणि क्रमिक पुस्तकात बसू लागली. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. आणि १९१८ साली आपल्या ग्वाल्हेरात माधवराव महाराजांच्या आश्रयाने, पंडित भातखंड्यांच्या आखणीने माधव संगीत विद्यालय निघाले. यातली एक गोष्ट आज विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. विद्यालय उघडण्यापूर्वी येथले काही गवई भातखंड्यांची पद्धत शिकण्यासाठी मुंबईस पाठवण्यात आले होते. राजाभैया पूछवाले त्यांच्यातलेच. आधी शिक्षक तयार झाला, मग वर्ग भरला. हल्ली आपण उलटे करतो. आधी परिपत्रक निघते, मग विषयाचे नाव छापले जाते आणि शिक्षकाची जागा रिकामीच राहते.

त्या खटपटीचे फळ दोन पिढ्यांत दिसले. जे गाणे भल्या घरात ऐकण्यापुरतेच चाले, ते घरातल्या मुली शिकू लागल्या, परीक्षा देऊ लागल्या, पुढे शिक्षिका झाल्या.

नृत्य मात्र शाळेच्या फाटकाशीच अडले. वास्तविक मराठी दरबारांचे नृत्यावरचे ऋण काही थोडे नाही. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. ज्या चार बंधूंनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम बांधला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू यांच्याच दरबारातले. सरफोजींच्या नावावरच्या नृत्यरचना तर चक्क मराठीत आहेत. मुंबईत गुरू पार्वतीकुमारांनी त्या अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती वाट पुढे नेली. १८८० मध्ये सयाजीरावांचे तंजावरच्या राजकन्येशी लग्न झाले आणि त्या संबंधाने गौरा व कांतिमती या नर्तकी बडोद्यास आल्या. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे तेथल्या महाविद्यालयात नृत्य शिकवू लागले. तेव्हा भरतनाट्यम म्हणजे केवळ मद्रासकडची कला, आपल्याला तिचे काय, असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या जुन्या मंडळींनी घरचाच इतिहास एकदा चाळावा.

नाटकाची गोष्ट आणखी मौजेची. १८४३ साली सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि मराठी माणूस नाटकवेडा झाला. पण त्या वेडात घरच्या मुलींना जागा नव्हती. स्त्रीभूमिका पुरुषांनी कराव्यात, बालगंधर्वांचा शालू पाहून भल्या घरच्या बायकांनी तशी नेसण घ्यावी, मात्र त्याच बायकांनी रंगमंचावर पाय ठेवू नये, असा तो काळ! आज चक्र फिरले आहे. शाळेच्या नृत्याच्या वर्गात मुलीच दिसतात. मुलगा आला तर त्याची टिंगल होते. ज्या कथकची घराणी पुरुषांनी नावारूपाला आणली, तेच कथक ‘मुलींचे’ ठरावे, याला काय म्हणावे?

शाळा आणि रंगभूमी यांची गाठ पडली की काय होते, याचे उदाहरण मुंबईत दादरला आहे. सुलभा देशपांडे या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या तेंडुलकरांच्या नाटकात त्यांनी जी बेणारे रंगवली, तीही शाळामास्तरीणच. १९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ स्थापन केली आणि १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. मराठी प्रायोगिक रंगभूमीची ती चळवळ ‘छबिलदास’ या शाळेच्याच नावाने ओळखली गेली. आविष्कारच्या ‘चंद्रशाला’ या बालविभागात मुलांना नाच आणि अभिनय एकत्र शिकवला गेला आणि ‘दुर्गा झाली गौरी’ हे त्यांचे नृत्यनाट्य मुलांच्या एकामागून एक पिढ्यांनी केले. तेथे ना राजा होता, ना मोठे धन. शिकवणारी माणसे होती आणि शाळेने दिलेली जागा होती.

कंठ फुटण्याचे वय

हायस्कुलातच हा विषय का हवा? लहानपणी नाच शिकवला, तेवढे पुरे नाही काय? गाणे शिकवणाऱ्याला याचे उत्तर रोज वर्गात दिसते.

आठवी-नववीत मुलांचा कंठ फुटतो. कालपर्यंत तार षड्जाला सहज पोचणारा आवाज आज मध्य सप्तकातच घोगरा होतो, मध्येच चिरकतो. बाके हसतात. मुलगा वर्गात येईनासा होतो, आणि एकदा गेलेला मुलगा सहसा परत येत नाही. अशी वर्षे गळ्याला विसाव्याची असतात. परंतु पायाला विसावा नको असतो. गळा बंद असला तरी पाय लय धरू शकतात, हात ताली देऊ शकतात, तोंडाने बोलांची पढंत करता येते. नाटकातले साधे गद्य नव्या, खर्जातल्या आवाजात बोलून पाहता येते. या चार वर्षांत नृत्य-नाट्याने हात दिला तर तो मुलगा लयीपासून तुटत नाही.

मुलींचे दुसरे. याच वयात उंची वाढते, आणि वाढलेल्या उंचीचा संकोच खांद्यांत उतरतो. दप्तर छातीशी धरून, पाठीला पोक काढून चालणाऱ्या मुली कोणत्या शाळेत दिसत नाहीत? नृत्याचा पहिला धडा म्हणजे ताठ उभे राहणे. पावले जमिनीवर पूर्ण टेकवून, मान सरळ, नजर समोर. वर्षभर एवढेच साधले तरी ती मुलगी चारचौघांत निराळी उभी राहते. हे काम घरातल्या उपदेशाने होत नाही. ‘नीट उभी राहा’ असे आई दिवसातून दहा वेळा सांगतच असते.

तासात शिकवावयाचे काय?

काही मुख्याध्यापकांची शंका अशी असते, की या विषयात रोज शिकवण्यासारखे असते तरी काय? नाच बसवला की झाले! ही शंका रास्त समजून थोडा तपशील देतो.

कथकचा पहिला महिना तत्काराचा. त्रितालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. प्रथम बरोबरीच्या लयीत, मग दुगुन, मग चौगुन. यात अपूर्णांकांचा सारा हिशेब पायांनी करावा लागतो. पुढे तिहाई येते. पाच मात्रांचा तुकडा तीन वेळा घ्यावयाचा आणि मध्ये दोनदा एकेक मात्रेचा विराम. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा, आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. विराम दीड मात्रेचा केला तर तुकडा कोठून उचलावा? हे गणित नववीच्या मुलाने फळ्यावर मांडावे, मग पायांनी सोडवावे. चुकले तर मास्तरांच्या लाल शाईची वाट पाहावी लागत नाही. सम निघून गेल्याचे सगळ्या वर्गाला कळते.

नाट्याचे तसेच. भरताने अभिनय चार प्रकारचा सांगितला : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. या चारांवर चार सत्रे सहज जातील. ‘बाबा आले’ हे दोनच शब्द आनंदाने, भीतीने, कंटाळ्याने, कोणी ऐकू नये म्हणून हळू, असे बोलून पाहिले की वाचिक अभिनयाची ओळख झाली. आहार्यात पोशाख, रंगभूषा, नेपथ्य आले. म्हणजे ज्याला रंगमंचावर उभे राहण्याची भीती वाटते, त्या मुलालाही काम आले. आणि नाटुकले नेहमी ऐतिहासिकच का असावे? मंडीदीपच्या मुलांनी रात्रपाळीहून आलेल्या बापाला झोप लागावी म्हणून घरभर कुजबुजत वावरणाऱ्या भावंडांचा प्रवेश स्वतः लिहावा. त्यात मराठी, बुंदेली, भोजपुरी जे घरात बोलले जाते ते यावे. ज्यांच्या घरी चार तऱ्हेच्या बोली आहेत, अशी मुले एका प्रवेशात एकमेकांचे ऐकावयास शिकतील.

गुणांचा मोह

येथे एक सावधगिरीची सूचना. महाराष्ट्रात २०१७ पासून शास्त्रीय गायन, वादन, नृत्य शिकणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण मिळू लागले. हेतू चांगला. मूल वर्ग सोडून जाऊ नये, एवढा त्याचा उपयोग झाला तरी पुष्कळ. परंतु ज्या क्षणी पालक ‘किती परीक्षा झाल्या म्हणजे किती गुण?’ असे विचारू लागतो, त्या क्षणी तत्कार मागे पडतो आणि प्रमाणपत्र पुढे येते. केरळात १९५७ पासून शालेय कलोत्सव भरतो. नृत्य, नाट्य, संगीत यांचा मुलांचा एवढा मोठा मेळावा देशात क्वचितच असेल. पण तेथेही पोशाखांचा खर्च आणि निकालांवरच्या तक्रारी यांनी आयोजक हैराण झाले आहेत. २०१५ पासून देशभर नववी ते बारावीच्या मुलांसाठी ‘कला उत्सव’ भरू लागला. त्यालाही हेच पथ्य पाळावे लागेल. स्पर्धा ही वर्षभराच्या तासांचे फळ असावी. तासांऐवजी स्पर्धा असेल तर ते पुन्हा संमेलनच, फक्त मंडप मोठा.

नवे आश्रयदाते

राहता राहिला पैशाचा प्रश्न. संस्थाने १९४८-४९ मध्ये विलीन झाली आणि दरबारांचा आश्रय संपला. तो संपला हे योग्यच झाले, कारण राजाच्या मर्जीवर विद्या किती दिवस जगणार? पण त्याची जागा कोणी घेतली? मंडीदीपपुरते उत्तर गावातच उभे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. त्या कार्यांच्या यादीत शिक्षण आहे आणि कला-संस्कृतीही आहे. जे कारखाने या कलमात बसतात, त्यांनी मिळून एक नृत्यशिक्षक आणि एक नाट्यशिक्षक नेमला, आणि ते दोघे आठवड्यातून एकेक दिवस चार-पाच हायस्कुलांत फिरले, तर एवढे मोठे काम कितीशा खर्चात होईल! शाळेने एक रिकामी खोली, एक तबला आणि वेळापत्रकातले दोन तास द्यावेत. शिकवणारे मिळणार नाहीत, असेही नाही. ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत व कला विश्वविद्यालय २००८ पासून आहे. भोपाळच्या नाट्य विद्यालयातून दरवर्षी तरुण बाहेर पडतात. त्यांना शाळेत पगाराची जागा दिसली पाहिजे, एवढेच.

आणि घर? ‘सर, एवढी दहावी होऊ द्या, मग पाहू,’ हे वाक्य कला शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या कानांना पाठ झालेले आहे. दहावीनंतर बारावी येते, बारावीनंतर प्रवेशपरीक्षा. तोवर मूल अठरा वर्षांचे होते आणि शरीर ताठरते. त्यात पालकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. नोकरीची चिंता खरी आहे. कारखान्यात राबणाऱ्या बापाची तर अधिकच खरी. पण आठवड्याचे दोन तास शाळेच्याच वेळात झाले तर दहावी कशी बुडेल? बुडते ती संध्याकाळची शिकवणी आणि बसचा प्रवास. म्हणून विषय शाळेत हवा. पालकाला ‘हे की ते’ असे निवडावे लागू नये.

आपल्या जुन्या मराठी घराण्यांनी गाणे घरात आणले तेव्हाही लोक काय म्हणतील ही चिंता होतीच. त्यांनी ती गिळली, म्हणून आज आपल्या नाती निःशंकपणे रंगमंचावर बसून ख्याल गातात. नृत्य आणि नाट्य यांच्या वाटेवरचे उरलेले पाऊल आपल्या पिढीने टाकावयाचे आहे. त्याची सुरुवात फार सोपी आहे. मुलाची शाळा ग्वाल्हेरात असो की मंडीदीपला, पुढच्या पालकसभेत गणित-विज्ञानाची चौकशी करून झाली की मुख्याध्यापकांना आणखी एक गोष्ट विचारावी : नृत्य-नाट्याचा तास कोणत्या वारी असतो, आणि तो घेणारे शिक्षक कोण? दहा पालकांनी विचारले तर त्या रकान्यात नाव लिहिण्याची निकड शाळेलाही वाटू लागेल.